पोस्टग्रेस डेटाबेस आवृत्ती १३ वरून १७: पहाटे अर्धा तास साइट बंद ठेवली तर बिघडलं कुठे?

रातकिडा: १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, आता चालढकल नको. आमचं बुकिंगचं पोर्टल, पहाटे तीनला ट्रॅफिक नावालाच. सरळ 'देखभाल सुरू आहे' लावा आणि पीजी_अपग्रेड हे आवृत्ती बदलायचं टूल लिंक मोडमध्ये चालवा. फायली कॉपी होत नाहीत, नुसत्या हार्ड लिंक होतात, म्हणजे त्याच फायली नव्या आवृत्तीला जोडल्या जातात. डेटाबेस शेकडो जीबींचा असला तरी काम मिनिटांत उरकतं. लॉजिकल रेप्लिकेशनचा, म्हणजे शेजारी दुसरा सर्व्हर उभारून त्यावर बदल सतत पाठवत राहण्याचा, घाट कशाला?

फेलओव्हरवाला: उरकतं हो, पण लिंक मोडमध्ये नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना क्लस्टर (१३ चा डेटा) गेलाच म्हणून समजा. सकाळी घोळ निघाला तर बॅकअप रिस्टोअर करत बसा. त्यात प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी १७ ला जाताना सोबत येत नाही, ती सोय १८ पासून. अ‍ॅनालाइझ करून ती पुन्हा गोळा न करता साइट उघडलीत तर इंडेक्स असूनही क्वेऱ्या अख्खं टेबल चाळत बसतील. त्यापेक्षा १७ शेजारी उभा करा, रेप्लिकेशन लावा, निवांत चाचण्या घ्या. स्विचला मिनिटभर पुरे.

रातकिडा: अ‍ॅनालाइझ त्या अर्ध्या तासातच धरलंय. परतीसाठी एक स्टँडबाय (डेटाबेसची प्रत ठेवणारा जादा सर्व्हर) आधीच बंद करून बाजूला ठेवणार. तुमच्या मिनिटभराच्या आधीचं काय? सीक्वेन्सचे (नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे १७ वर जात नाहीत, म्हणजे स्विचनंतर पहिल्याच बुकिंगला 'डुप्लिकेट की'. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) नसलेलं टेबल पब्लिकेशनमध्ये (पाठवायच्या टेबलांच्या यादीत) गेलं की त्यावरचे अपडेट-डिलीट चालू सर्व्हरवरच एरर देतात. मधेच कुणी कॉलम वाढवला तर तोही दोन्हीकडे हाताने. दोघांच्या टीमने हे सांभाळायचं?

एनआरआय_काका: पहाटे तीनला न्यू जर्सीत संध्याकाळ असते. आम्ही गावची तिकिटं तेव्हाच काढतो :)

इंडेक्सवाली: सोबत ओएसही बदलताय का? लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम बदलला. त्याआधीच्या मशीनवरच्या फायली नव्यावर तशाच उचलल्यात तर टेक्स्ट कॉलमचे इंडेक्स चुकीचे ठरू शकतात. मग री-इंडेक्स, म्हणजे ते पुन्हा बनवणं, आणि मोठ्या टेबलांवर तुमचा अर्धा तास त्यातच जाईल. लॉजिकलमध्ये इंडेक्स नव्या मशीनवरच बनतात, तो प्रश्नच येत नाही.

रातकिडा: ओएस तीच ठेवतोय. एका रात्री एकच बदल.

फेलओव्हरवाला: ठेवा. पण सकाळी दहाला परत फिरायची वेळ आली, तर पहाटेपासूनची बुकिंग त्या बंद स्टँडबायवर नसतील. आम्ही स्विचनंतर १७ वरून १३ कडे उलटं रेप्लिकेशन लावतो. सीक्वेन्ससाठी सेटव्हलची (आकडा हवा तिथे नेऊन ठेवणाऱ्या फंक्शनची) स्क्रिप्ट पुरते. त्या बुकिंगांचं काय करणार, तेवढं सांगा.