एकाच गाडीला तीन राज्यांचे परवाने कशासाठी?

सोनोरन (फिनिक्स)
आमच्याकडे दोन साइड-बाय-साइड (रानवाटांवर चालणाऱ्या, शेजारी-शेजारी सीट असलेल्या छोट्या गाड्या) आहेत. येत्या उन्हाळ्यात रिमरॉकर ट्रेल करायचा बेत आहे: कोलोरॅडोतल्या माँट्रोजपासून यूटातल्या मोआबपर्यंत, साधारण १६० मैल. खर्च मांडायला बसलो. आमच्या ॲरिझोनाचा डिकॅल (गाडीवर लावायचं परवान्याचं स्टिकर) २५ डॉलर, कोलोरॅडोचा परवाना २५.२५, यूटाचा बाहेरच्यांसाठीचा ३०. गाडीमागे ८०.२५, दोन गाड्यांचे १६०.५०. बरं, वाट बरीचशी बीएलएम (केंद्राचं जमीन-व्यवस्थापन खातं) आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीवरून जाते. ती जमीन जितकी यूटावाल्यांची तितकीच माझी, मग सीमा ओलांडली की नवं स्टिकर का? कारची नंबरप्लेट एका राज्याची असली तरी देशभर चालते. इथेही तसंच हवं.

खडकवासी (सॉल्ट लेक सिटी)
अजिबात पटलं नाही. जमीन केंद्राची, पण तुम्ही खडकांत अडकलात तर हाक कुणाला मारणार? काउंटीच्या शोध-बचाव पथकाला. मोआब ज्या ग्रँड काउंटीत आहे, तिथलं पथक यूटातल्या सर्वांत व्यग्र पथकांपैकी एक आहे, आणि तिथे गर्दी बाहेरच्यांचीच जास्त. आम्ही यूटावालेही आमच्या गाड्यांची नोंदणी दरवर्षी पैसे भरूनच करतो. शिवाय तुमचं ॲरिझोनासुद्धा २०१९ पासून बाहेरच्यांकडून डिकॅलचे पैसे घेतंच की! तेव्हा कुणी धागा काढला नाही.

पैशांपेक्षा मला मातीची काळजी आहे. मोआबच्या वाळूवर जो काळसर, खडबडीत थर दिसतो तो जिवंत असतो. एकदा चाक गेलं की तो सावरायला कित्येक दशकं लागतात. फुकटात रान मोकळं केलं तर हे कोण सांभाळणार?

आस्पेन_ऐसपैस (डेन्व्हर)
नंबरप्लेटची तुलना चुकते आहे. कार परराज्यात गेली की पेट्रोल तिथेच भरते आणि त्या करातून तिथल्या रस्त्याला हातभार लागतो. ट्रेलवर आपण कॅन घरूनच भरून नेतो.
पण सोनोरन, तुमची तक्रार अगदीच गैर नाही. आमच्याकडे कोलोरॅडोत रहिवासी असो की पाहुणा, दर एकच, २५.२५. बाहेरचा म्हणून वेगळी रांग नाही. मला हीच पद्धत न्याय्य वाटते.

सोनोरन
पेट्रोलचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. डिकॅलबद्दलही खडकवासी बरोबर बोलताहेत. आमच्या राज्यानेही बाहेरच्यांना सूट द्यावी, असंच मी म्हणेन. यूटाने २०२३ पासून अशा गाड्यांच्या चालकांना जबाबदारीने गाडी चालवण्याचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला, त्यालाही माझा पाठिंबा आहे. मोठ्यांना फुकट आहे, एकदाच करायचा आहे. मातीच्या त्या थराचं रक्षण कोर्सने होईल, तीस डॉलरच्या स्टिकरने नाही. आणि तीन दिवसांसाठी बारा महिन्यांचे पैसे घेणं मला आजही पटत नाही. निदान आठवड्याचा परवाना काढा.

खडकवासी
आठवड्याचा परवाना संपला की नाही, हे त्या रानात तपासणार कोण? रेंजर मोजके, वाटा शेकडो मैल. वर्षाचं स्टिकर लांबूनही ओळखू येतं. दर कमी करा म्हणालात तर मी तुमच्या बाजूने सही करीन, मुदत कमी करायला नाही.