आश्रयदाता, पोषक की उस्तवारी? शाळांना पैसा देणाऱ्या, लक्ष ठेवणाऱ्या जुन्या संस्थानिकांना नेमकं काय म्हणायचं

टिळकवाडीकर : शाळेची स्मरणिका काढतोय, त्यात एक लेख आहे, पूर्वी राजेरजवाडे, देसाई, सरदार शाळांना पैसे द्यायचे आणि लक्ष पण ठेवायचे त्यावर. पेट्रनला सगळीकडे 'आश्रयदाते' लिहिलंय. मला ते गवई-शाहिरांना शोभतं असं वाटतं, शाळेला नाही. दुसरा शब्द सुचवा की वो.

खानापूरकर : 'पोषक' चालेल का बघा. पण आपल्याकडं घोळ होतो, कन्नड शाळेच्या फळ्यावर 'पोषकर सभे' लिहिलं की ती आईबापांची मीटिंग असते. मराठीत तेच पालक, आणि पालकमंत्री म्हटलं की परत वेगळंच. म्हणजे पोसणारा, पाळणारा आणि देखरेख करणारा, तिघांची सरमिसळ आधीपासनंच हाय.

रायबागकर : आधी माणसं बघा, मग शब्द शोधा. सगळ्यांना एकच शब्द लावला की गडबड होते. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ मध्ये वारले, मागं आपली इस्टेट शिक्षणासाठी ट्रस्टला ठेवून गेले. १९३३ ला निघालेल्या बेळगावच्या लिंगराज कॉलेजला त्यांचं नाव आहे पण ते बघायला स्वतः नव्हते. हे दाते, सरळ दाते. आता शाहू महाराज घ्या. आमचं रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात, महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. दंड बसवणाऱ्या माणसाला 'आश्रयदाता' कसं म्हणणार तुम्ही? बडोद्याच्या सयाजीरावांचं पण तसंच, १८९३ ला अमरेलीत सक्ती करून बघितली आणि १९०६ ला सगळ्या राज्यात लावली. ही उस्तवारी झाली.

टिळकवाडीकर : उस्तवारी?? ते तर कन्नड ना, जिल्हा उस्तुवारी सचिव म्हणतात ते, म्हणजे आपला पालकमंत्री.

रायबागकर : मराठीत पण जुना आहे ओ. आमची आजी बाळंतिणीची उस्तवार करायची म्हणायची, म्हणजे निगा राखणं, हवं नको बघणं. कन्नडमध्ये त्याला देखरेखीचा, सरकारी रंग चढला आणि मराठीत 'किती उस्तवार करायची याची' असा वैतागाचा. शाळेला दोन्ही लागतं, पैसा पण आणि रोजचं बघणं पण.

खानापूरकर : पॉइंट बरोबर आहे, पण स्मरणिकेत 'उस्तवारी करणारे संस्थानिक' छापलं तर लोक हसतील राव.

वडगावकर : आपल्या बेळगावच्या सरदार्स हायस्कूलचं पण टाका कुणीतरी. पोरांना वाटतं सरदार पटेलांच्या नावाची शाळा. इथली जुनी माणसं सांगतात की दक्षिण महाराष्ट्रातल्या सरदारांच्या वर्गणीतनं ती उभी राहिली. ग्वाल्हेरला पण १८९७ ला सरदार्स स्कूल निघालं, तेच आजचं सिंधिया स्कूल, पण ते सरदारांच्या पोरांसाठी. एक सरदारांनी दिलेलं, एक सरदारांसाठी, आणि नाव बघायला गेलं तर सारखंच. इंग्रजी 'एस'चं काम मराठीत 'ची' करतंय आणि कोण कुणाची हे काही कळत नाही.

खानापूरकर : आपल्या आरपीडी कॉलेजजवळ, आरपीडी कॉर्नरला उतरणाऱ्यांना तरी कुठं ठाऊक असतंय, आरपीडी म्हणजे सावंतवाडीच्या राणी पार्वतीदेवी. कंडक्टर आरपीडी आरपीडी ओरडतो, तेवढंच.

टिळकवाडीकर : बरं मग असं करतो, लिंगराजांना आणि राणीसाहेबांना 'देणगीदार' नको, फार पावतीबुकासारखं वाटतंय, 'दाते' लिहितो. शाहू महाराज आणि सयाजीरावांच्या परिच्छेदात आश्रय शब्द काढून 'शिक्षणावर स्वतः देखरेख ठेवणारे' असं सरळ लिहितो. उस्तवारी तळटीपेत टाकतो, संपादक काकांनी काढलं तर काढू देत.

रायबागकर : तळटीपेत टाकणार तर शुद्धलेखन बघा. मराठीत उस्तवारी, कन्नडमध्ये उस्तुवारी. प्रेसवाला कन्नड आहे तुमचा, तो 'तु' घालणारच.