शब्दचर्चा : ‘शेतवाटा’, ‘अनवट भाज्या’ आणि गड्डा-कंदाचा घोळ

विचारणा : शेतकऱ्याला हंगामाच्या आरंभीच पैसे द्यायचे आणि पुढे दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याची टोपली घरी न्यायची, अशा व्यवस्थेतील सभासदांसाठी मी पाककृतींचे पत्रक मराठीत लिहीत आहे. या टोपलीला ‘शेतवाटा’ म्हणावे काय? तीत येणाऱ्या सहसा न दिसणाऱ्या भाज्यांना कोणते विशेषण शोभेल? आणि नवलकोल, सलगम, जेरुसलेम आर्टिचोक या सर्वांना सरसकट ‘कंद’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद : ‘वाटा’ हा शब्द मला आवडतो, परंतु ‘वाट्याने शेती करणे’ याचा रूढ अर्थ दुसऱ्याची जमीन कसून उत्पन्न वाटून घेणे असा असल्यामुळे ‘शेतवाटा’ वाचून कुळ आणि मालक डोळ्यांपुढे येतात. ‘हिस्सा’ तर थेट वाटणीपत्राची आठवण करून देतो. ‘पिकाचा वाटा’ किंवा साधे ‘वाट्याची टोपली’ म्हणावे. जपानमध्ये १९७०च्या दशकात रुजलेल्या अशाच व्यवस्थेचे ‘तेइकेइ’ हे नाव सहकार्य, भागीदारी या अर्थाचे आहे. तेव्हा व्यवस्थेसाठी ‘भागीदारीची शेती’ आणि वस्तूसाठी ‘वाटा’ असे दोन शब्द वेगळे ठेवल्यास गोंधळ टळेल.

विशेषणासाठी ‘अनवट’ सुचवतो. क्वचित गायिल्या जाणाऱ्या रागाला आपण अनवट म्हणतो, आणि त्यात दुर्मिळतेबरोबर थोडे कौतुकही असते. ‘विचित्र’ म्हटले की भाजी चुलीवर चढण्याआधीच नावडती होते. ‘हंगामी’ निःशंकपणे वापरावे. अध्यक्षाला लागल्यावर तो शब्द तात्पुरतेपणा सुचवतो, भाजीला लागल्यावर नाही.

खरा प्रश्न तिसरा आहे, कारण तेथे शब्द चुकला तर पाककृतीही चुकते. नवलकोल हे जमिनीच्या वर फुगलेले खोड आहे. त्यावर पानांच्या देठांच्या खुणा स्पष्ट दिसतात. कोबीचा आणि लसणाचा असतो तसा त्याचाही ‘गड्डा’च म्हणावा. हा गड्डा कोवळा असेल तर कच्चा किसूनही गोड लागतो, पण जून झाला की बुडाकडून धागे धरतो, म्हणून साल बुडाकडे जाड तासावी लागते. सलगमाचा खाण्याचा भाग खोडाचा तळ आणि मूळ मिळून फुगलेला असतो. त्याला स्वयंपाकात ‘मूळ’ म्हणण्यास हरकत नाही. जेरुसलेम आर्टिचोक मात्र सूर्यफुलाच्या जातकुळीतील वनस्पतीचे जमिनीखालचे फुगलेले खोड आहे (जेरुसलेमशी त्याचा संबंध नाही आणि ते आर्टिचोकही नाही). शास्त्रीय परिभाषेतील ‘ग्रंथिक्षोड’ स्वयंपाकघरात कोण उच्चारणार? येथे ‘कंद’ योग्य. मात्र कंद म्हटल्यावर वाचक बटाट्याची अपेक्षा करतो आणि फसतो : यात पिष्टाऐवजी इन्युलिन (आपल्याला न पचणारे एक कर्बोदक) साठवलेले असते, त्यामुळे रस्सा बटाट्यासारखा दाट होत नाही आणि पहिल्यांदाच भरपूर खाल्ल्यास पोटात वात धरतो. पत्रकात ही सूचना शब्दाला लागूनच द्यावी.

दुसरा प्रतिसाद : वरील काटेकोरपणा पाककृतीत हवा, पण शीर्षकाला ‘कंदमुळे’ पुरेसे आहे, भाजी चिरणाऱ्याला वनस्पतिशास्त्राची परीक्षा द्यायची नसते. मला अधिक खटकतो तो ‘पाला’. मुळ्याचा पाला आपण निवडून शिजवतो, पण अनोळखी भाजीच्या बाबतीत ‘पाला काढून टाकावा’ एवढेच लिहिले की सलगम, बीट आणि नवलकोल यांची उत्तम पाने केरात जातात. ‘पाने वेगळी करून पालेभाजीसारखी परतावी’ असे लिहावे. पाने लगेच वेगळी करण्याचे दुसरेही कारण आहे : ती गड्ड्यातील ओलावा शोषत राहतात आणि गड्डा लवकर मऊ पडतो. स्विस चार्ड ही बीटचीच पानांसाठी वाढवलेली जात असल्यामुळे तेथे ‘देठ’ शब्दाला महत्त्व येते. मांसल देठ बारीक चिरून आधी परतायचे आणि पाने शेवटी घालायची, हे सांगितले नाही तर देठ कचकचीत राहतात किंवा पानांचा लगदा होतो. ‘कोवळा’, ‘जून’ आणि ‘निबर’ ही आपल्या भाषेतील उतरंडही वापरावी. ‘निबर असल्यास किसून शिजवावे’ या चार शब्दांत अर्धा परिच्छेद वाचतो.

विचारणाऱ्याचे उत्तर : आभारी आहे. ‘वाट्याची टोपली’ आणि ‘अनवट’ दोन्ही घेतो. सेलेरिॲकचे (फुगलेल्या बुडासाठी वाढवलेल्या सेलरीचे) मात्र काय करावे? ते मुळांच्या जटांनी वेढलेले असते.

प्रतिसाद : तो ‘सेलरीचा गड्डा’. जटा आणि साल सोलाण्याने निघत नाहीत, म्हणून ‘सोलावे’ऐवजी ‘सुरीने तासावे’ असे लिहा, आणि फोडी काळ्या पडत असल्याने लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकण्याची सूचना त्याच वाक्यात द्या.