मदत हवी आहे: ग्रेटिंगच्या प्रयोगात डावी-उजवी रीडिंगं जुळत नाहीत

बिंदूचौक:
नमस्कार. कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली आहे. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाश किती कोनात वळला ते मोजायचं यंत्र) नेहमीचा, लीस्ट काउंट (मोजता येणारा सगळ्यात लहान कोन) १ मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची पट्टी, ती प्रकाश तरंगलांबीनुसार वेगवेगळ्या कोनात वळवते) इंचाला १५,००० रेघांचं, दिवा सोडियमचा. सरळ (न वळता आलेल्या प्रकाशाच्या) प्रतिमेपासून मोजलेले कोन, दोन्ही व्हर्नियरची (कोन बारकाईनं वाचायच्या पट्ट्यांची) सरासरी घेऊन:

पहिली ऑर्डर (सरळ प्रतिमेच्या दोन्ही बाजूंना आधी येणारी रेषा; दुसरी तिच्या पलीकडची): डावीकडे २०°१५′, उजवीकडे २०°३१′
दुसरी ऑर्डर: डावीकडे ४३°२३′, उजवीकडे ४४°५८′

डावीकडून तरंगलांबी ५८६ आणि ५८२ नॅनोमीटर निघते, उजवीकडून ५९३ आणि ५९८. यायला हवी ५८९.३. सरळ प्रतिमेचं रीडिंग चुकलंय की ग्रेटिंगच खराब आहे? दुसरं मागून घेऊ का?

लॅबचा_दिवा:
ग्रेटिंग बदलू नका, ते चांगलं आहे. रेघांची संख्या चुकीची असती तर दोन्ही बाजू एकाच दिशेला चुकल्या असत्या. सरळ रीडिंग चुकलं असतं तर डाव्या-उजव्यातला फरक दोन्ही ऑर्डरमध्ये तेवढाच राहिला असता. तुमचा फरक पहिल्यात १६′ आणि दुसऱ्यात ९५′ आहे, म्हणजे जवळपास सहापट. असं फक्त ग्रेटिंग तिरकं बसल्यावर होतं. तिरकेपणा i आणि त्या ऑर्डरचा कोन θ धरला तर हा फरक साधारण २i(१/cosθ − १) येतो; तुमचे आकडे घातले की i = २° निघतो, दोन्ही ऑर्डरमधून. प्रकाश ग्रेटिंगवर लंब पडत नाहीये, एवढंच.

दोन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी केली तर पहिल्या ऑर्डरवरून ५८९.८ आणि दुसऱ्यावरून ५९०.० येतं. उत्तर सुधारतं, पण तेवढ्यावर थांबू नका, ग्रेटिंग नीट लावा.

टेलिस्कोप कॉलिमेटरसमोर (दिव्याचा प्रकाश फटीतून घेऊन समांतर सोडणाऱ्या नळीसमोर) आणून स्लिटची, म्हणजे त्या फटीची, प्रतिमा उभ्या क्रॉसवायरवर (टेलिस्कोपमधल्या खुणेच्या तारेवर) घ्या, रीडिंग टिपा. तिथून टेलिस्कोप बरोबर ९०° फिरवून घट्ट करा. आता ग्रेटिंग मधल्या छोट्या टेबलावर ठेवून फक्त ते टेबल फिरवा. परावर्तित प्रतिमा क्रॉसवायरवर आली की ग्रेटिंग किरणांशी ४५° करून उभं आहे. तिथून टेबल व्हर्नियरवर बघून ४५° फिरवा, ग्रेटिंगचं तोंड कॉलिमेटरकडे येईल अशा बेतानं. उलट फिरवलंत तर ते किरणांच्या रेषेत कडेवर उभं राहतं, ते लगेच कळतं.

गडबड होते ती या शेवटच्या ४५° ला. टेबल आवळायचे दोन स्क्रू असतात. वरचा दांड्यावरचा, उंची कमीजास्त करायचा. खालचा व्हर्नियरच्या चकतीचा. वरचा ढिला करून टेबल फिरवलं तर ग्रेटिंग फिरतं, व्हर्नियर जागचं हलत नाही, आणि ४५° नजरेनंच ठरवावे लागतात. दोन अंश तिथं सहज सुटतात. वरचा आधीच आवळून ठेवा, खालचाच सोडा, आणि ४५° झाले की तोही आवळा. नाहीतर टेलिस्कोपबरोबर टेबलही ओढलं जातं.

नीट बसलं असेल तर पहिली ऑर्डर २०°२२′ च्या आणि दुसरी ४४°०७′ च्या आसपास दोन्हीकडे मिळेल. तपासणी दुसऱ्या ऑर्डरवरच करा, पहिली ही चूक झाकून टाकते.

बिंदूचौक:
खूप आभार सर. अजून एक: डावीकडे रेषा दृष्टिक्षेत्रात वर सरकते, उजवीकडे खाली. हेही तिरकेपणामुळंच का?

लॅबचा_दिवा:
नाही, ते वेगळं. ग्रेटिंगच्या रेघा स्पेक्ट्रोमीटरच्या अक्षाला समांतर नाहीत. ग्रेटिंग ठेवताना टेबल समतल करायच्या तीन स्क्रूंपैकी दोघांना जोडणाऱ्या रेषेला ते काटकोनात ठेवा, म्हणजे तिसरा स्क्रू ग्रेटिंगच्याच प्रतलात येतो. परावर्तित प्रतिमा मध्यावर आणायला पहिले दोन वापरा. रेषांची वर-खाली घालवायला फक्त तिसरा, अगदी थोडा थोडा. तो फिरवल्यानं ग्रेटिंग स्वतःच्याच प्रतलात झुकतं, त्यामुळं आधी जुळवलेलं बिघडत नाही.

रंकाळ्याकाठी:
वरचं सगळं पटलं, दोन गोष्टींची भर घालतो. दुसऱ्या ऑर्डरमध्ये सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ५८९.० आणि ५८९.६, सुमारे साडेतीन मिनिटांच्या अंतरानं सुट्या दिसतात. डावीकडे आतली धरली तर उजवीकडेही आतलीच धरा. सुट्या दिसत नसतील तर स्लिट बारीक करा आणि फोकस पुन्हा बघा. दिवा लावल्या लावल्या लालसर असतो, तो निऑनचा रंग. पुरता पिवळा व्हायला दहाएक मिनिटं द्या.

तिसरी ऑर्डर शोधत बसू नका. पहिल्या ऑर्डरला sinθ ०.३४८ आहे, तिसरीला ३ × ०.३४८ एकच्या वर जातं, या ग्रेटिंगला ती मिळतच नाही. आणि दुसऱ्या बाजूला जाताना एखादा व्हर्नियर ३६०° ओलांडतो, तेव्हा लहान रीडिंगमध्ये ३६० मिळवून मगच वजाबाकी करा. हे दोन्ही व्हर्नियरना स्वतंत्र बघायचं, एकानं ओलांडलं म्हणून दुसऱ्यालाही लावायचं नाही.