आईंच्या पहिल्या केमोची तयारी
ताई, सोमवारी मिरजेत आईंची पहिली केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) आहे, घरी काय तयारी करू, असं विचारलंत. आधी डिजिटल थर्मामीटर आणा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करा. त्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. किडका दात असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. महात्मा फुले योजनेचं, म्हणजे सरकारच्या मोफत उपचार योजनेचं, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ असू द्या.

आणि पाहुणे! सांगलीत प्रत्येकाकडे हळदीचा एक रामबाण काढा असतोच. भाजीतली हळद चालते, काढे-गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आत्याबाई रागावल्या तर रागावू देत.