बाळ उशिरा रडले म्हणूनच सेरेब्रल पाल्सी झाली का?

प्रश्न : एक आई, खानापूर तालुका
माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. जन्मल्यावर तो दोन-तीन मिनिटे रडला नाही, पण त्याच दिवशी अंगावर नीट दूध प्यायला. आता तो प्रत्येक वस्तू डाव्या हाताने घेतो आणि उजवी मूठ आवळलेलीच ठेवतो. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सीची (लहानपणी मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम करणाऱ्या विकाराची) शंका व्यक्त केली आहे. त्या रात्री पावसामुळे गाडी उशिरा मिळाली होती, म्हणून ‘लवकर निघाली असतीस तर’ हे घरात रोज ऐकावे लागते. प्राणवायू कमी पडल्यामुळेच हे झाले असेल का?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, बेळगाव
ताई, बाळाला तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही; तरीही घरातला दोष आपण मुकाट्याने स्वीकारू नये. लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी 1861 मध्ये या आजाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला आणि ती समजूत पुढे शंभर वर्षे टिकली. वास्तविक सेरेब्रल पाल्सी असलेल्या पूर्ण दिवसांच्या साधारण दहा बाळांपैकी एकाच बाळात ती प्रसूतीवेळच्या प्राणवायूच्या कमतरतेमुळे झालेली आढळते. मेंदूला इजा होण्याइतका प्राणवायू कमी पडला असेल, तर बाळ पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुस्त होते, दूध ओढत नाही, पुष्कळदा झटके येतात, आणि पुढे बहुधा चारही हातपायांवर परिणाम दिसतो. एकाच बाजूचा हात मागे राहणे हे जन्माच्या सुमारास मेंदूची रक्तवाहिनी बंद पडण्यासारख्या अन्य कारणांकडे अधिक बोट दाखवते. डिस्चार्ज कार्डावर पाचव्या मिनिटाचा अपगार गुण (जन्मताच बाळाची स्थिती दाखवणारे दहापैकी गुण; सात किंवा जास्त म्हणजे चांगले) पाहा आणि मेंदूच्या एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा.

उत्तर : एक वडील, निपाणी
माझ्या मुलीचेही असेच होते. कारण शोधण्यात आम्ही आठ महिने घालवले आणि तेवढे दिवस फिजिओथेरपी लांबली, याची खंत अजूनही आहे. चांगला हात थोडा वेळ अडकवून दुसऱ्या हाताला खेळायला लावण्याची पद्धत थेरपिस्टकडून शिकून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्याकडेही बाळाची नोंद करा.

प्रश्नकर्ती
कार्ड शोधून काढले. पहिल्या मिनिटाला 5 आणि पाचव्या मिनिटाला 8 असे गुण लिहिले आहेत, झटक्यांची नोंद नाही. सोमवारी बाळाला घेऊन बेळगावला जाणार आहोत, आणि सासूबाई सोबत येणार आहेत.