उपदेशापेक्षा कचऱ्याची बादली बरी

मुलांना साधेपणा कसा शिकवायचा या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की आधी पॉकेटमनी बंद करा. नाही पटलं, आमच्याकडे तो प्रयोग झालाय, लेक फक्त आजोबांकडे पैसे मागायला शिकली :)

खरा उपयोग झाला कचऱ्याचा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत 'स्वच्छ'च्या ताई येतात (ही कचरावेचकांची स्वतःचीच सहकारी संस्था आहे बरं का), तर सुट्टीत लेकीला सांगितलं की ओला-सुका तूच वेगळा करायचा आणि तूच ताईंना द्यायचा. तिसऱ्या दिवशी ताई वेफर्सची पाकिटं दाखवून म्हणाल्या, "हे भंगारवाला पण घेत नाही गं, चकचकीत असलं तरी." एवढंच. माझ्या दोन वर्षांच्या बडबडीने जे झालं नाही ते या वाक्याने झालं, आता दुकानात पाकीट उचलते, उलटसुलट बघते आणि बऱ्याचदा परत ठेवते, नेहमी नाही हां.

ओल्यासाठी गॅलरीत जुनी बादली, खाली-बाजूला भोकं पाडून, त्यात देठं-सालं, वर वाळका पाला आणि थोडं आंबट ताक. आधी चिलटं झाली, सासूबाई जाम वैतागल्या, मग कळलं की पाला कमी पडत होता, नुसतं ओलं साठलं की आत हवा खेळत नाही आणि वास मारतो. दीड-दोन महिन्यांत खत झालं, ते लेकीने कढीपत्त्याला घातलं. आणि प्लीज त्यासाठी महागडा कंपोस्टर ऑनलाइन मागवू नका, तो पण बहुतेकदा प्लास्टिकचाच येतो, वर खोक्यात गुंडाळून.